पहिलं धनुष्य हलकंच घ्यावं

2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत प्रवीण जाधवने 72 बाणांत 656 गुण मिळवले. अतनू दास आणि तरुणदीप राय या दोघा अनुभवी साथीदारांना मागे टाकून तो 31वा आला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला हा मुलगा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. सुरुवातीला त्याची अंगकाठी अगदीच किरकोळ होती. धनुष्य पेलायला ताकद लागते आणि ती हळूहळूच येते, हे पहिलं धनुष्य घेणाऱ्या प्रत्येकाने त्याच्याकडून शिकावं.

प्रवीणचं धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले ते चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर. हा फरक ध्यानात ठेवूनच दुकानदाराशी बोलावं.

इतिहास थोडक्यात. मुघलांची वळणदार धनुष्यं लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू सरसाने चिकटवून बनत आणि दमट हवेत तो सरस ढिला पडे. धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परतली 1972 साली, म्युनिकला. तेव्हापासून तिथे रिकर्व्हच चालत आलं आहे. कंपाउंडला 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारातून प्रवेश मिळणार आहे.

आता रायगड जिल्ह्यातल्या आपल्या तळा गावाकडे येऊ. इंदापूरला महामार्ग सोडून आत वसलेल्या या गावातून धनुष्य मागवायचं, तर ते बहुधा फोनवर पाहूनच. म्हणून मापं आधी घरी काढावीत. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजावं आणि त्याला अडीचने भागावं. अंतर 65 इंच असेल तर ओढीची लांबी 26 इंच आली आणि तिला 66 इंची धनुष्य पुरतं. 28 इंचांच्या पुढे ओढ असेल तर 68 किंवा 70 इंची पाहावं. मग डोळा. दोन्ही तळहात जुळवून मध्ये छोटी फट ठेवावी, तिच्यातून तळगडाचा एखादा बुरूज पाहावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला बुरूज फटीतच दिसतो, त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढावी. (पुरंदरच्या तहात, 1665 साली, शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांत हा तळगड होता, हे जाता जाता सांगायलाच हवं.)

खरा प्रश्न पाउंडांचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा. लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या पात्यावर, छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो आणि ओढ इंचाने बदलली की हा भार साधारण दोन पाउंडांनी बदलतो. 24 पाउंडांचं लिम्ब 26 इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर सुमारे 20 पाउंड, म्हणजे नऊ किलो भार टाकतं. नऊ किलो कमी वाटतात, पण त्या भाराखाली डावा हात ताठ, उजवा हात हनुवटीखाली टेकलेला आणि श्वास संथ ठेवून नेम धरायचा असतो. ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज 45 पाउंडांच्या वरची धनुष्यं ओढतात. 72 बाणांच्या एका फेरीत ही ओढ जवळजवळ दीड टन भरते! ती दोन्ही फऱ्यांमधल्या पाठीच्या स्नायूंनी पेलायची असते. नवख्याने 36 पाउंडांचं धनुष्य घेतलं की तो हाताने ओढतो, खांदा वर चढतो आणि हात हनुवटीपर्यंत पोचण्याआधीच बाण सुटतो. ही सवय एकदा जडली की मोडायला महिने लागतात. मोठ्या माणसाने 18 ते 24 पाउंडांनी सुरुवात करावी, लहान मुलांनी त्याहून बऱ्याच कमी. धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद न थरथरता धरता आलं तर ते आपलं. धडधाकट तरुणांना हा सल्ला पचत नाही, तरी तो त्यांच्यासाठीच आहे.

म्हणूनच सुटे भाग जोडून होणारं धनुष्य घ्यावं. हँडल कायम राहतं, ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायची. आयएलएफ, म्हणजे लिम्ब बसवण्याच्या सामायिक, बैठकीच्या 25 इंची हँडलला कुठल्याही कंपनीची आयएलएफ लिम्ब बसतात. शॉर्ट लिम्बने 66, मीडियमने 68 आणि लाँगने 70 इंची धनुष्य होतं. सॅमिक पोलारिससारखं लाकडी हँडलचं धनुष्य स्वस्त पडतं, पण त्याला लिम्ब त्याच घडणीची लागतात. बाण ओढीपेक्षा थोडे लांबच घ्यावेत. बाणावरचा स्पाइनचा आकडा जितका मोठा, तितका बाण लवचिक, आणि हलक्या धनुष्याला लवचिक बाणच लागतो. बोटांना टॅब, हाताला आर्मगार्ड आणि दोरी चढवायला स्ट्रिंगर हवाच. साइट, स्टॅबिलायझर नंतर.

कोकणातल्या पावसात बोल्ट गंजतात, म्हणून सराव संपला की सगळं कोरडं पुसावं, दोरी उतरवावी, तिला मेण लावावं. बंद गाडीत उन्हात धनुष्य ठेवू नये आणि बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडू नये, लिम्ब तडकतात.

भात कापून झालं की सरावाला खाचरं मोकळी होतात. पेंढा घट्ट आवळून बांधला की उत्तम बट, म्हणजे बाण अडवणारा भारा, होतो. त्याच्यामागे उंच बांध किंवा डोंगरउतार हवा, पायवाट नको. सुरुवात पाच-सात मीटरवरून करावी.

कुणाचं पुण्या-मुंबईला जाणं झालं, तर एखाद्या मैदानावर प्रशिक्षकासमोर दोन वेगवेगळ्या पाउंडांची धनुष्यं ओढून पाहावीत. दोन्ही पेलली तरी त्यातलं हलकं घ्यावं आणि उरलेले पैसे पुढच्या लिम्बसाठी बाजूला ठेवावेत.