डिझेलचा काटा खोटे का बोलतो?

माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर आहेत. मी त्यांना आबा म्हणतो. बाईंनी सांगितले की भित्तिपत्रकासाठी आपापल्या घरच्या कामाची माहिती लिहा. शेतीची माहिती खूप जणांनी लिहिली आहे. म्हणून मी डिझेलच्या काट्याची लिहितो. आबांनी सांगितले ते लिहिले आहे आणि काही मी स्वतः करून पाहिले आहे.

ट्रकमध्ये स्टेअरिंगच्या पुढे गोल तबकड्या असतात. त्यातल्या एका तबकडीत डिझेलचा काटा असतो. टाकी भरली की काटा वर जातो, संपत आली की खाली येतो. पण मागच्या पावसाळ्यात आमचा काटा खाली आलाच नाही आणि टाकी मात्र रिकामी झाली.

तेव्हा आबा लासलगावहून कांदा घेऊन वाशीच्या मार्केटला गेले होते. येताना खताच्या गोण्या भरल्या. काटा पाव टाकी दाखवत होता. आमची टाकी २०० लिटरची आहे. पाव म्हणजे ५० लिटर. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर चालते. ५० गुणिले ४ म्हणजे २०० किलोमीटर. वाशीहून नाशिक तर त्याहून जवळ आहे. नाशिकच्या पंपावर मालकाचे खाते आहे, तिथेच भरू, असे आबांनी ठरवले. हिशोब बरोबरच होता. पण रात्री कसारा घाटाच्या चढावर गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली.

घाटात गाडी बंद पडणे सोपे नसते. इंजिन बंद झाले की स्टेअरिंग जड होते. ब्रेकला लागणारी हवासुद्धा इंजिनच भरते. आमच्या गाडीचा क्लीनर आमच्याच वाडीतला आहे. मी त्याला दादा म्हणतो. तो पावसात उडी मारून उतरला आणि त्याने मागच्या चाकांना मोठे दगड लावले. मग मागून येणाऱ्या गाड्यांना दिसावे म्हणून तो बॅटरी हलवत उभा राहिला. आबा दुसऱ्या ट्रकमध्ये बसून डिझेल आणायला गेले. ते पहाटे कॅन घेऊन परत आले, तोपर्यंत दादा एकटाच तिथे होता. इकडे आई दर थोड्या वेळाने फोन लावत होती, पण लागत नव्हता.

डिझेल ओतले की गाडी लगेच चालू होते असे मला वाटायचे. तसे नसते. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. त्याला गाडीने एअर धरली असे म्हणतात. मग फिल्टरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात, मग नुसते डिझेल येते. तेव्हा स्क्रू घट्ट करायचा. आबांचे हात सोलून निघाले होते, मी पाहिले.

खरी वाईट गोष्ट नंतर झाली. मालक म्हणाले, काटा पाव दाखवत होता तर डिझेल गेले कुठे? क्लीनरनेच विकले असणार. आबा काहीच बोलले नाहीत. दादाही काही बोलला नाही. तो घरी गेला आणि चार दिवस आमच्याकडे आलाच नाही. एरवी तो रोज सकाळी आमच्याकडे चहा घेतो. आई म्हणाली, "अहो, रात्रभर पावसात उभा राहिला तो पोरगा." आबा तरी गप्पच.

पाचव्या दिवशी मिस्त्रींनी टाकी खोलली. मी तिथे होतो. आता आत काय असते ते सांगतो. (शेजारी चित्र काढले आहे. चित्रातले चाक जरा चपटे झाले आहे.) टाकीत एक पोकळ तुकडा डिझेलवर तरंगतो. त्याला फ्लोट म्हणतात. तो एका दांडीच्या टोकाला असतो. डिझेल कमी झाले की फ्लोट खाली जातो आणि दांडी कलते. दांडीच्या दुसऱ्या टोकामुळे तारेतून वीज कमी-जास्त जाते, आणि तेवढाच काटा हलतो. म्हणजे काट्याला डिझेल दिसतच नाही. फ्लोट कुठे आहे एवढेच त्याला कळते.

आमच्या टाकीला खालून दगड लागून पोचा आला होता. तो पोचा आत दांडीला अडकत होता. फ्लोट पावावर येऊन तिथेच लटकला. खालचे डिझेल संपून गेले तरी काटा पावावरच. मिस्त्रींनी बोटाने दांडी दाबून दाखवली. आबांनी ती दोनदा दाबून पाहिली आणि तसेच, हातही न धुता, दादाच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण संध्याकाळी दादा चहाला आला.

काटा चांगला असला तरी पुरता खरा नसतो. गाडी चढावर असली की डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला जाते. जेवणाच्या डब्यात पाणी घेऊन डबा कलता करा म्हणजे समजेल. खड्ड्यात डिझेल हिंदकळते, म्हणून काटा मुद्दाम सुस्त बनवलेला असतो, नाहीतर तो सारखा नाचेल. टाकी फुल केल्यावर काटा बराच वेळ हलतच नाही आणि मग भराभर उतरतो. आपली दिवाळीची सुट्टी अशीच असते.

आणखी एक गंमत. मी सरबताची दोन लिटरची गोल बाटली आडवी ठेवली आणि वरच्या बाजूला भोक पाडले. ती भरायला चहाचे २० कप पाणी लागले. मला वाटले, पाव उंचीपर्यंत ५ कप बसतील. पट्टीने मोजून खूण केली होती. पण ४ कपांतच पाणी खुणेला लागले! कारण आडव्या बाटलीचा तळ अरुंद असतो. टाकीचे कोपरेही गोल असतात, म्हणून तिथेही थोडे असेच होते.

आता आमच्या गाडीत एक काठी असते. टाकी दुरुस्त झाल्यावर दादाने रिकाम्या टाकीत वीस-वीस लिटर डिझेल ओतले आणि दरवेळी काठी उभी बुडवून ओल्या जागी चाकूने खाच पाडली. अशा १० खाचा झाल्या. सगळ्यात खालची खाच बुडापासून जरा जास्त लांब आहे. मला ते आधीच माहीत होते, बाटलीमुळे. काठी घालताना गाडी सपाट जागी पाहिजे आणि अंधार असला तर बॅटरीच लावायची, काडी कधीच नाही.

शिवाय आबा टाकी फुल करून किलोमीटर वहीत लिहितात. पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते लिहितात. भागाकार मी करतो. मागच्या खेपेला ७२० भागिले १८० बरोबर ४ आले. वही माझ्याकडे असते, पण काठी दादाकडेच असते. तो ती दुसऱ्या कोणाला धरू देत नाही.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११