सात वजा दोन गुणिले तीन अधिक एक

७ − २ × ३ + १ ही पदावली समोर आली की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ‘कंचेभागुबेव’ आठवते आणि तो आधी गुणाकार उरकतो. मात्र सूत्रात ‘बे’ हा ‘व’च्या आधी येतो म्हणून बेरीज वजाबाकीपूर्वी करायची, असे त्याने अक्षरशः धरले तर उत्तर शून्य येते, आणि बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाच्या मानून तो डावीकडून उजवीकडे गेला तर दोन येते. गणितातील प्रघात दोनच्या बाजूचा आहे. हीच पदावली स्मॉलटॉक या भाषेत संगणकाला दिली तर तो १६ सांगतो, कारण त्या भाषेत या सर्व क्रियाचिन्हांचा दर्जा सारखाच असून जे चिन्ह आधी भेटेल ते आधी अमलात येते. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या भाषेत उत्तर उणे १ येते, कारण तेथेही दर्जा सारखाच असला तरी प्रत्येक चिन्ह आपल्या उजवीकडचे सर्व काही आधी पूर्ण होऊ देते. या चारांपैकी एकाही उत्तरात आकडेमोड चुकलेली नाही. बदलतो तो फक्त कोणती क्रिया आधी करायची याचा संकेत, ज्याला क्रियाचिन्हांचा अग्रक्रम म्हणतात. २०१९ साली समाजमाध्यमांवर ८ ÷ २(२ + २) या पदावलीचे उत्तर १६ की १ यावरून जो वाद रंगला, त्याचेही मूळ गणिताच्या एखाद्या गूढात नव्हते, तर अशाच अर्धवट ठरलेल्या संकेतात होते.

माणूस पूर्ण ओळ एका नजरेत पाहतो आणि गुणाकाराकडे थेट उडी मारतो. यंत्राला मात्र एकामागून एक चिन्हे मिळत जातात आणि त्या सरळ ओळीतून कोणती संख्या कोणत्या क्रियेची, ही रचना त्याला शोधून काढावी लागते. या शोधालाच पार्सिंग म्हणतात. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील हाइन्झ रुटिसहाउझर यांनी १९५१-५२ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला, तेव्हा त्यांची रीत अशी होती की सर्व कंस घातलेली पदावली पुन्हा पुन्हा वाचायची, दर वेळी सर्वांत खोल गेलेला कंस हुडकायचा, तो सोडवून त्याच्या जागी उत्तर ठेवायचे आणि पुन्हा आरंभापासून निघायचे. ही रीत बिनचूक होती, पण वारंवारच्या वाचनामुळे पदावलीची लांबी दुप्पट झाली की काम सुमारे चौपट होई.

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीच्या फोर्ट्रान या भाषेसाठी जॉन बॅकस यांच्या चमूने जो कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूत्रांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा कार्यक्रम, तयार केला, त्यातील युक्ती इतकी सुंदर आहे की ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. पदावलीच्या आरंभी दोन उघडे कंस आणि शेवटी दोन बंद कंस घालायचे. जेथे अधिक किंवा वजाचे चिन्ह असेल तेथे त्याच्या आधी दोन कंस बंद करून नंतर दोन उघडायचे. आणि जेथे गुणिले किंवा भागिले असेल तेथे एकच बंद करून एकच उघडायचा. वरील पदावलीचे रूप मग ((७))−((२)×(३))+((१)) असे होते, आणि गुणाकार कंसात आपोआप सापडतो. अग्रक्रमाचे कोणतेही ज्ञान यंत्राला दिलेले नसताना केवळ कंसांच्या संख्येतून तो अग्रक्रम प्रकटतो. त्यानंतर अनावश्यक कंस काढून टाकण्याचा खटाटोप करावा लागे, हा भाग वेगळा.

खरी उकल म्युनिकमध्ये झाली. तेथील तंत्रविद्यापीठात क्लाउस सामेल्झोन आणि फ्रीडरिख बाउअर यांनी दाखवले की पदावली एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचूनही भागते. त्यासाठी हवी ती फक्त स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेली वस्तू आधी निघते अशी चळत. संख्यांसाठी एक आणि चिन्हांसाठी एक अशा दोन चळती कल्पाव्यात. ७ येतो आणि संख्यांच्या चळतीवर जातो, वजाचे चिन्ह येते, त्याच्या आधीचे कोणी थांबलेले नाही म्हणून ते आपल्या चळतीवर बसते, २ येतो, गुणिले येते आणि वजापेक्षा त्याचा दर्जा वरचा असल्याने ते वजाच्या डोक्यावर बसते, ३ येतो. आता अधिकचे चिन्ह येते आणि पाहते, तर वर गुणिले आहे, ते वरच्या दर्जाचे, म्हणून २ × ३ आधी होऊन ६ उरतात. त्याखालचे वजा समान दर्जाचे, आणि समान दर्जात आधी आलेल्याचा मान असतो, म्हणून ७ − ६ होऊन १ उरतो. मगच अधिकचे चिन्ह चळतीवर बसते, शेवटचा १ येतो, पदावली संपते आणि उत्तर निघते २. प्रत्येक टप्प्यावर केवळ दोन चिन्हांची गाठ पडते, एक थांबलेले आणि एक नुकतेच आलेले. त्यामुळे लांबी दुप्पट झाली तर कामही दुप्पटच होते, चौपट नाही.

या कल्पनेसाठी दोघांनी १९५७ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये ती जर्मन शोधनिबंधात मांडली, जो पुढील वर्षी इंग्रजीतही आला. तरीही आज विद्यार्थ्यांना ही रीत भेटते ती एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या नावाने. ॲमस्टरडॅम येथे अल्गोल ६० या भाषेच्या कंपायलरवर काम करताना त्यांनी ती रेल्वेच्या शंटिंग यार्डाच्या रूपात समजावली: संख्यांचे डबे मुख्य रुळावरून सरळ पुढे जातात आणि चिन्हांचे डबे बाजूच्या रुळावर वळवून आपली पाळी येईपर्यंत उभे केले जातात. उपमा अप्रतिम आहे, आणि कदाचित म्हणूनच ती मूळ शोधापेक्षा अधिक टिकली. स्टॅकच्या शोधाबद्दल संगणक क्षेत्रातील पायोनियर पुरस्कार १९८८ मध्ये बाउअर यांना मिळाला, तोवर सामेल्झोन यांचे निधन होऊन आठ वर्षे झाली होती. शोधनिबंधावर पहिले नाव सामेल्झोन यांचे आहे; पाठ्यपुस्तकांनी ते तेथून उचलून आपल्या पानावर आणणे हे न्यायाचे ठरेल.

चळतीचे तंत्र कोणताही अग्रक्रम निमूटपणे पाळते, त्यामुळे चुकीचा अग्रक्रमही पाळते. सी या भाषेत & हे चिन्ह दोन संख्यांच्या द्विमान रूपांतील अंक जोडीजोडीने तपासते आणि जेथे दोन्हीकडे १ असेल तेथेच १ ठेवते; ६ म्हणजे ११० आणि २ म्हणजे ०१०, म्हणून ६ & २ चे उत्तर २ येते. आता ६ & २ == २ असे लिहिले, म्हणजे ‘६ & २ हे २ बरोबर आहे का’ असे विचारले, तर होकार मिळायला हवा; पण सी भाषेत == या चिन्हाचा दर्जा & पेक्षा वरचा असल्याने आधी २ == २ तपासले जाते, ते खरे म्हणून १ मिळतो, आणि ६ & १ चे उत्तर शून्य, म्हणजे नकार, येतो.

याचे कारण सी भाषेचे निर्माते डेनिस रिची यांनी स्वतः नोंदवले आहे. सीची पूर्वज असलेल्या बी या भाषेत ‘हे खरे आणि तेही खरे’ अशी दोन विधानांची सांगड घालण्याचे कामही हेच चिन्ह करत असे, आणि त्या कामासाठी त्याचा दर्जा तुलनेच्या खाली असणेच योग्य होते. पुढे सीमध्ये त्या कामासाठी && हे स्वतंत्र चिन्ह आले, तेव्हा एकेरी & वर सरकवायला हवे होते; पण तोवर लिहिलेले कार्यक्रम बिघडतील म्हणून त्याला जागेवरून हलवले गेले नाही. त्या वेळचे ते कार्यक्रम आजच्या मानाने अगदी थोडे होते, आणि त्यांच्यासाठी केलेली ही तडजोड पुढे सीप्लसप्लस आणि जावास्क्रिप्ट यांनी जशीच्या तशी उचलली. पायथन, गो आणि रस्ट यांनी ती नाकारून & ला तुलनेच्या वर बसवले, म्हणून वरील ओळीचे उत्तर तेथे ‘खरे’ असे येते. सीमध्ये मात्र प्रचलित जीसीसी कंपायलरला इशारे दाखवण्याची आज्ञा दिली असेल, तर तो अशा ओळीवर कंस घालण्याची सूचना छापतो आणि गणित १९७० च्या दशकातल्या क्रमानेच करतो.