‘कट्यार’ : आधी आजोबा की नातू?

खामगावात काल भाच्याने विचारलं, “मामा, ‘कट्यार काळजात घुसली’ कुठलं ऐकू? नाटकातलं की सिनेमातलं?”

दोन्ही ऐक, पण आधी वसंतराव!

1967 चं हे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे जन्माने शेजारच्या जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचं ‘घेई छंद मकरंद’ ऐका. तान कुठे वळेल याचा नेम नाही. 2015 च्या सिनेमात नातू राहुल देशपांडे तेच गातात. ध्वनिमुद्रण स्वच्छ, वाद्यमेळ भरघोस. पण तो झपाटलेपणा? माझं मत आजोबांनाच.

याच पदाची, कथेतल्या पंडितजी या पात्राच्या तोंडची संथ चाल सिनेमात शंकर महादेवननी गायली आहे, तीही सोडू नका.

तुमची आवडती कुठली? कमेंटमध्ये सांगा.