सायकलने ऑफिसला, नागपुरात

नागपूर बऱ्यापैकी सपाट शहर आहे. प्रतापनगर, खामल्याकडून सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांपर्यंतचं पाच-सहा किलोमीटरचं अंतर ताशी १५ किलोमीटरच्या निवांत वेगानेही पंचवीसेक मिनिटांत कापता येतं.

याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. ऑफिस गाठायला तेवढी ताकद लागत नाही. सीट मात्र नीट हवी: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, नाहीतर आठवड्याभरात गुडघे बोलू लागतात.

खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून सुरुवात नोव्हेंबरात करणं शहाणपणाचं. रस्ता आधी एखाद्या रविवारी चालवून पाहावा. वर्धा रोडच्या धबडग्यापेक्षा आतल्या गल्ल्या थोड्या लांबच्या, पण कितीतरी सुरक्षित. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत तडजोड नको. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, पिशवीत कोरडा शर्ट.

घर खापरीकडे असेल तर? नागपूर मेट्रोने डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली आहे. सीताबर्डीपर्यंत मेट्रो, पुढे सायकल.