गिटारच्या पोटातला काळ

रिद्धपूर म्हटलं की गोविंदप्रभू, म्हाइंभट, 'लीळाचरित्र' आणि महानुभावांच्या पोथ्या आठवतात. २०२४पासून मराठी भाषा विद्यापीठही. इलेक्ट्रिक गिटार या गावाच्या नावाशी कुणी जोडत नाही. पण मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, परतवाडा या पट्ट्यात १९८०नंतर ऑर्केस्ट्रे वाढले, १४ एप्रिलला भीमगीतांच्या पार्ट्या गावोगाव उभ्या राहू लागल्या आणि त्यांच्यासोबत गिटारी आल्या. वाजवायला शिकवणारा कुठंतरी सापडायचा. दुरुस्त करणारा मिळायचा नाही. मग ते वाद्य रेडिओ मेकॅनिककडे यायचं. माझ्या टेबलावर गिटार आली ती अशी, टू-इन-वन आणि ट्रान्झिस्टरच्या रांगेत.

तेव्हाची एखादी गिटार आज पुन्हा हाती आली आणि मागचं झाकण काढलं की मधली सगळी वर्षं समोर येतात. ती कधी कशानं साफ केली, कुणाच्या हाताला घाई होती, कुणाच्या गावात कुठला सुटा भाग मिळत होता, ते आत दिसतं.

या भागात गिटारची हौस लागली ती सिनेमामुळे. १९७१च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंगांची गिटार सगळ्यांच्या कानात होतीच. १९८०मध्ये 'कर्ज' आला आणि गोरख शर्मांनी वाजवलेली ती धून ऐकल्याशिवाय लोक ऑर्केस्ट्राला ऑर्केस्ट्रा म्हणेनात. १९९१पूर्वी बाहेरदेशची गिटार आणायची तर परवाना आणि जकात यांतच माणूस थकायचा. इकडे यायच्या त्या बहुतेक कोलकात्यात बनलेल्या, किंवा साध्या लाकडी गिटारला वरून पिकअप बसवलेल्या. त्यांच्या जोडीला इलेक्ट्रिक बेंजो असायचाच. १९१२मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरितांनी तयार केलेलं हे बटणांचं वाद्य महाराष्ट्राच्या मिरवणुकीत इतकं मुरलं की ते बाहेरून आलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याचा पिकअप आणि त्याची खरखर गिटारसारखीच, त्यामुळे दोन्ही एकाच टेबलावर उघडले जायचे.

रेडिओ उघडणाऱ्याला गिटारच्या आत घाबरण्यासारखं काही नव्हतं. लोहचुंबकावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, तोच पिकअप. तार थरथरली की त्यात चिमूटभर वीज तयार होते. ती व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमधून, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या कंट्रोलमधून, एका लहानशा कंडेन्सरला वळसा घालून, जॅकपर्यंत जाते. सिलेक्टर स्विच कुठला पिकअप बोलेल ते ठरवतो. एवढाच संसार. पण वीज इतकी कमी असते की पॉटच्या कार्बनच्या पट्टीवर बसलेला धुळीचा एक कण अॅम्प्लिफायरमधून हजारपट मोठा होऊन मंडपभर ऐकू येतो.

"भाऊ, गिटार लय खरखर करून रायली," एवढंच सांगून पोरं वाद्य टेबलावर ठेवायची. यामागे बहुतेक वेळा पॉटच असायचा. वऱ्हाडात लग्नाचा हंगाम एप्रिल-मेचा. पारा पंचेचाळीसला टेकतो, वावटळी सुटतात, आणि वाजवणाऱ्याच्या हाताचा खारट घाम नॉबच्या दांड्यावरून आत उतरतो. त्यानंतर गणपती आणि दुर्गादेवीचे दिवस, म्हणजे ओल. धूळ, मीठ, ओल. याहून वाईट मिश्रण कुठल्याही पॉटच्या नशिबी येऊ नये.

सुरुवातीला उपाय एकच होता: पेट्रोल. लुना किंवा राजदूतच्या टाकीतून बुचभर काढायचं, पिचकारीनं पॉटच्या फटीत सोडायचं आणि नॉब गरागरा फिरवायचा. खरखर लगेच जायची. पण पेट्रोल दांड्यावरचं ग्रीसही धुऊन न्यायचं आणि नॉब ढिला पडायचा. ज्यांनी रॉकेल घातलं त्यांनी तर आत तेलाचा थर ठेवला. त्यावर पुढच्या उन्हाळ्याची धूळ चिकटली. शिलाई मशीनचं तेल घातलेले स्विचही मी पाहिले, आत काळं मलम झालेले. वर्षभरात पुन्हा खरखर, पुन्हा तेल. अशा पॉटला शेवटी साफ करण्यासारखं काही उरत नाही.

रेडिओ-टीव्हीच्या कामात तेव्हा सीटीसी नावाचं द्रावण मिळायचं, कार्बन टेट्राक्लोराइड. टीव्हीचा ट्यूनर, टेपचं हेड, व्हॉल्यूम कंट्रोल, सगळ्याला तेच. तेलाचा डाग तत्काळ काढायचं, पेट घ्यायचं नाही, क्षणात उडून जायचं. म्हणून मेकॅनिकांना ते फार आवडायचं. गोडसर वासाचं ते द्रव यकृताला किती घातक आहे हे बंद खोलीत काम करणाऱ्या कितीतरी जणांना कुणी सांगितलंच नाही. ओझोनच्या थराचीही त्यानं हानी होते, म्हणून माँट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांनी २०१०पर्यंत त्याचा असा वापर थांबवायचा असं ठरलं. दुकानातून ती बाटली गेली याचा मला आजही आनंद आहे. आपल्या कामाच्या इतिहासात याहून मोठी सुधारणा झाली असेल असं मला वाटत नाही.

तिच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचे स्प्रे आले. पद्धत साधी आहे. गिटारचा प्लग काढायचा, तारा सैल करायच्या, झाकण उघडायचं. पॉटच्या पत्र्याच्या डबीला पायांजवळ जी फट असते तिथं स्प्रेची बारीक नळी टेकवून एक छोटा फवारा, मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, आणि द्रावण उडेपर्यंत थांबायचं. ग्रीस पुन्हा ठेवणारा क्लीनर घेतला तर नॉबची पकड टिकते. स्विचच्या पात्यांमध्ये अल्कोहोलनं ओला केलेला जाड कागद घालून ओढायचा. जॅकच्या आत कापसाची काडी, आणि जीभ सैल झाली असेल तर ती हलक्या हातानं आत वाकवायची. पिकअपवर मात्र एक थेंबही नाही. तारांचे लोखंडी कण चुंबकाला चिकटतात, ते चिकटपट्टीनं उचलायचे. घामानं एकदा आतली बारीक तार खाल्ली की पिकअप मेला, त्याला नवीन वेढे घालण्याशिवाय इलाज नाही. मीटर लावून पाहावं. चांगला पिकअप बहुतेक वेळा पाच ते पंधरा किलोओहमच्या दरम्यान दाखवतो, आणि मेलेला काहीच दाखवत नाही.

साफ होण्यापलीकडे गेलेला पॉट बदलावा लागायचा आणि तिथं त्या काळातली खरी अडचण होती. गिटारला २५० किंवा ५०० किलोओहमचा पॉट लागतो. ट्रान्झिस्टर रेडिओत मिळणारा १० किलोओहमचा कंट्रोल कुणी बसवला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा व्हायचा, आणि वाजवणारा पिकअपला दोष द्यायचा. उपाय घरोघरच्या माळ्यावर होता: जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याचा ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल गिटारमध्ये चपखल बसायचा. या टापूतल्या कितीतरी गिटारींनी अशा रेडिओंच्या पोटातला पॉट घेऊन लग्नं वाजवली. नव्या पॉटसाठी नागपूरला सीताबर्डीपर्यंत जावं लागायचं, तेही तिकडे कुणी जाणार असलं तर. टंचाईमुळे मेकॅनिक आधी साफ करून पाहायचा, मग दुरुस्त करायचा आणि अगदीच इलाज नसला तर बदलायचा. आता पोरं याच्या उलट्या क्रमानं जातात. कुरियरनं पॉट दोन दिवसांत येतो, म्हणून साफ करण्याचा विचारच होत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण चांगला पॉट फेकून नवा हलक्या दर्जाचा बसवला जातो.

सोल्डरची गोष्टही याच काळात बदलली. आपल्याकडचा शिसं मिसळलेला ६०-४० सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतो. २००६मध्ये युरोपनं शिसं हटवल्यावर कारखान्यातून येणाऱ्या अनेक गिटारींमध्ये शिसं नसलेला सोल्डर आला. त्याला २१७ अंशांच्या वर ताप लागतो. जुन्या सवयीनं २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री लावून धरली तर जोड सुटत नाही आणि पॉटच मात्र भाजतो. अशा जोडावर आधी थोडा ६०-४० घालून मिसळला की काम सोपं होतं.

यानंतर डीजे आले. ऑर्केस्ट्रे कमी झाले, कीबोर्डनं गिटारची जागा घेतली, आणि कित्येक वाद्यं कपाटावर गेली. २०२०च्या टाळेबंदीत ती खाली उतरली. महाविद्यालयातली मुलं मोबाइलवर पाहून वाजवू लागली, आणि बॅटरी असलेल्या गिटारीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या पाझरलेल्या निघाल्या. गिटार ठेवून द्यायची असेल तर बॅटरी काढून ठेवावी. जॅकमध्ये प्लग तसाच राहिला तर ती नुसतीच संपते, आणि संपलेली पाझरते.

खरखरीचं एवढं सगळं झालं, पण चाळीस वर्षांत जे जवळजवळ बदललं नाही ते म्हणजे अर्थिंग. तारांना हात लावला की घूं कमी होतं, याचा अर्थ तारा जमिनीच्या वायरला जोडलेल्या आहेत. वायरिंग ठीक असेल तर हे चांगलंच. पण मांडवातलं तीन पिनचं सॉकेट नुसतं नावाला असलं आणि अॅम्प्लिफायरमध्ये दोष आला, तर तीच तार वाजवणाऱ्याच्या बोटांत वीज सोडते आणि ओठ माइकला लागला की ती शरीरातून पार होते. ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वान्सी इथं 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. भारनियमनाच्या काळात आपले अर्धे कार्यक्रम भाड्याच्या जनरेटरवर चालायचे, आणि त्या जनरेटरची अर्थची वायर बहुधा हवेतच लोंबत असायची. गाणाऱ्यांना ओठाला झटके बसायचे. लोक हसून सोडून द्यायचे.

इथं आपली जमीनही हात देत नाही. पावसाळ्यात काळी माती पाणी धरते, तेव्हा जमिनीत ठोकलेली नळी छान काम करते. मे महिन्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, नळीभोवती पोकळी होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणजे कार्यक्रम सर्वांत जास्त असतात तेव्हाच ते सर्वांत कमकुवत. जुने इलेक्ट्रिशियन खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून वर पाणी ओतत राहायचे. ते शहाणपण आता कंत्राटदारांच्या गडबडीत मागं पडलंय.

म्हणून माझ्याकडे गिटार साफ करून न्यायला येणाऱ्या पोरांना मी पॉटबरोबर टेस्टरही देतो. अॅम्प्लिफायर सुरू केल्यावर आधी टेस्टर तारेला लावायचा. दिवा लागला तर प्लग काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, कार्यक्रम थांबला तरी चालेल. मंडळांच्या खर्चाच्या यादीत डेकोरेशन, डीजे, जेवण असतं. त्यात एक नळी, थोडी तांब्याची तार, मीठ-कोळसा आणि पाण्याच्या बादल्या यांचीही ओळ असावी असं मी गावातल्या मंडळांना सांगत असतो. काहींनी ती लिहायला सुरुवात केली आहे.