'आवडले नाही' म्हणण्याची किंमत

आम्ही म्हणजे आमच्या घरातल्या चौघी. सासूबाई, ज्यांना सारे घर अम्मी म्हणते, धाकटी जाऊ, बारावीत शिकणारी लेक, आणि शाळेत दिवसभर उर्दू-मराठीच्या वह्यांत चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारी ही शिक्षिका. खरेदीचे ॲप एका मोबाइलमध्ये, त्याला जोडलेले बँकखाते मुलांच्या अब्बांचे आणि खरेदी चौघींची. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गेल्या वर्षी अम्मींचे उमराहला जायचे ठरले. स्त्रियांना उमराहसाठी वेगळा पोशाख लागत नाही, अंगभर झाकणारे साधे कपडे चालतात. पण हरम शरीफमध्ये पाऊल ठेवताना अंगावर नवा अबाया असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. निघायला 16 दिवस होते. आम्ही ॲपवर 'निदा' कापडाचा, काळा, 56 नंबरचा अबाया निवडला. किंमत 1,799 रुपये. फोटोत कापड जाड, न चमकणारे, खाली सरळ पडणारे दिसत होते.

पार्सल यायला 11 दिवस लागले. जावेने अबाया उघडून खिडकीसमोर धरला, तर पलीकडचे गज मोजता येत होते. निदा नव्हतेच ते, पातळ जॉर्जेट होते. अबायाचा नंबर म्हणजे खांद्यापासून खालपर्यंतची इंचांतली लांबी. टेप लावली तर 53 इंच भरली. अम्मींनी शांतपणे घडी घातली आणि म्हणाल्या, "राहू द्या गं, जुनाच नेते मी. तिथं कपडे कोण बघतंय!" त्या रागावल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते.

ॲपवर 'परत करा' दाबले की कारण विचारतात. यादी समोर येते आणि त्यातले एक निवडायचे असते. आम्ही घाईत 'आवडले नाही' निवडले. खरेच तर आवडले नव्हते! लगेच उत्तर आले की, या कारणासाठी पैसे परत मिळणार नाहीत, हवे तर दुसरा नग मिळेल, आणि तो 9 दिवसांनी येईल. अम्मींचे विमान 5 दिवसांनी होते. मुलांना 'योग्य शब्द वापरा' म्हणून बजावणाऱ्या बाईंनी भर मोक्याला चुकीचा शब्द वापरला होता. त्याच यादीत खाली 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' असे कारण होते. ते आमच्या नजरेतून सुटले.

मग कशाला घेता ऑनलाइन, असे घरातले पुरुष विचारतात. त्यांना कसे समजावणार? आमच्या तालुक्याच्या गावात बायकांच्या कपड्यांची दुकाने आहेत, पण गल्ल्यावर पुरुष, माप विचारणारा पुरुष आणि कपाटातून काढून देणाराही पुरुष. आतले कपडे घ्यायचे तर आम्ही तिघी जावानणंदा वर्षानुवर्षे अंदाजे नंबर सांगत आलो, कारण नीट विचारायची लाज. कपडे घालून बघायची खोली असते, पण तिच्या दाराची कडी नीट लागत नाही आणि आरशामागे काय आहे याची धास्ती वाटते. बुरख्यातल्या बाईला दुकानात सूट अंगाला लावून बघणेसुद्धा अवघड. त्यामुळे रात्री इशाच्या नमाजनंतर चौघींनी पलंगावर बसून, कुणी न बघता, हवे ते निवांत बघणे ही आमच्यासाठी मोठी सोय आहे. ती आम्हाला सोडायची नाही. म्हणूनच फसगत जास्त चिडवते.

आमच्यासारख्या बायकांना कपड्यात काय बघायचे असते, तेच नेमके त्या फोटोखाली लिहिलेले नसते. उजेडात कापड आरपार दिसते का? आतून अस्तर आहे का, आणि असेल तर बाह्यांनाही आहे की फक्त अंगाला? कुर्त्याची बाजूची चीर कंबरेपर्यंत येते की मांडीवर थांबते? बाही कोपराखाली किती इंच येते? त्याऐवजी लिहिलेले असते: 'पार्टीसाठी उत्तम', 'ट्रेंडिंग'. फोटोतल्या मुलीची उंची 5 फूट 8 इंच. तिला जो कुर्ता गुडघ्याला लागतो, तो आमच्या जावेच्या पोटरीवर येतो आणि त्यातच तिची चीर मात्र नको तिथे पोचते. ओढणीचा किस्सा तर घरोघरचा. फोटोत मुलीच्या खांद्यावर सुंदर जरीची ओढणी, आणि वर्णनाच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात 'दुपट्टा समाविष्ट नाही'. तीनशे रुपये वाचले म्हणून घेतलेल्या कुर्त्यासाठी मग चारशेची ओढणी घ्यायची.

बांगड्यांचेही तेच. निकाहाच्या सीझनला जावेने 2.6 नंबर म्हणून बांगड्या मागवल्या आणि पट्टीवर 2.6 सेंटीमीटर मोजत बसली. हा नंबर इंच आणि इंचाचे सोळावे भाग असा वाचायचा असतो. 2.6 म्हणजे 2 इंच आणि 6 सोळांश, म्हणजे आतला व्यास सुमारे 6 सेंटीमीटर. 2.4 हा त्याहून लहान, 2.8 म्हणजे बरोबर अडीच इंच. बांगडीवाल्या खाला हात दाबून नंबर सांगायच्या, तेव्हा हे गणित आम्हाला माहीत असायची गरज नव्हती.

यातली मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट लेकीची. ईदसाठी तिने अनारकली मागवला. तक्त्यात 'एल'ची छाती 40 इंच लिहिली होती, तिची 38. ड्रेस आला आणि काखेत अडकला. तिने 'आकार बसत नाही' असे कारण देऊन तो परत पाठवला, 'एक्सएल' मागवला, तोही दाटला. त्यानंतर चार दिवस ती रात्री अर्धीच चपाती खाऊन उठायची. आधी वाटले, परीक्षेची काळजी असेल. मग जावेने तो दुसरा ड्रेस पलंगावर पसरला आणि टेप लावली. 'एक्सएल'ची छाती 42 लिहिली होती, भरली 38. शिवण सोडून काही उरतच नव्हते. पोरगी जाड नव्हती, तक्ता खोटा होता. पण तिच्या हाताने तिने कारण निवडले होते: 'आकार बसत नाही'. जणू तिचेच शरीर ड्रेसला बसले नव्हते.

खरे तर मापांचा हा घोळ एका दुकानदाराचा नाही. आपल्याकडचे तयार कपडे बऱ्याच अंशी अमेरिकन किंवा ब्रिटिश मापांवर बेतलेले असतात, आणि प्रत्येक कंपनी त्यात आपल्या सोयीने फेरफार करते. भारतीय शरीरांची स्वतंत्र मापे असावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. सहा शहरांतल्या 15 ते 65 वर्षे वयाच्या 25 हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे थ्रीडी यंत्राने घ्यायची, अशी ती योजना. तोवर 'एल' आणि 'एक्सएल' ही अक्षरे विसरून इंच बघायचे, हे आम्ही लेकीला शिकवले. अंगाचे माप घेण्यापेक्षा नीट बसणारा आपलाच जुना कुर्ता सपाट पसरून मोजावा, ते जास्त बरोबर येते. तिने आता स्वतःच्या आवडत्या कुर्त्याचे पाच आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत.

अबायाकडे परत येऊ. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितले म्हणून आम्ही नियम शोधून वाचले. 23 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. 'आवडले नाही' ही गोष्ट वेगळी. तिथे दुकानाचे जे धोरण तेच चालते. एका शब्दात केवढा फरक! वाचताना आम्हाला आपल्या फिक्हची आठवण झाली. हनफी फिक्हमध्ये 'खियार-ए-रुयत' म्हणून एक हक्क आहे: न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा, हे खरेदीदार ठरवतो. आणि 'खियार-ए-ऐब' म्हणजे दोष निघाल्यास परत करण्याचा हक्क. न पाहिलेल्या मालाचा विचार आपल्या फकीहांनी कितीतरी शतके आधी करून ठेवला होता.

भगिनींनो, इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. टॅग आत खोचून, लग्नात सूट मिरवून, दुसऱ्या दिवशी अत्तराच्या वासासकट परत पाठवणाऱ्या आपल्यातच आहेत. आमच्या ओळखीत आहेत आणि त्या हे हसत सांगतात. ही खयानत आहे. अशांमुळेच पार्सल न्यायला येणारा पोरगा दारात उभा राहून प्रामाणिक बाईच्या कपड्याची शिवणसुद्धा उलटून बघतो.

आम्ही नव्याने तक्रार केली. या वेळी कारण लिहिले: 'वर्णनाप्रमाणे नाही'. सोबत तीन फोटो जोडले: टेप लावलेली लांबी, खिडकीसमोर धरलेले कापड आणि ॲपवरचे 'निदा' लिहिलेले वर्णन. वर्णनाचा स्क्रीनशॉट लगेच काढावा, विक्रेते नंतर ते बदलतात. ॲपच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क देणे बंधनकारक आहे, तिथे ईमेल पाठवला. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. पोच तिसऱ्या दिवशी आली, त्यापुढे काही नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येते. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीचे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. आम्हाला तिथवर जावे लागले नाही.

फक्त एक जपा. कस्टमर केअरचा नंबर कधीही इंटरनेटवर शोधून लावू नका. आमच्या गल्लीतल्या एका भाभींनी तसा नंबर लावला, समोरच्याने 'पैसे परत देतो' म्हणत एक ॲप उतरवायला लावले आणि खात्यातले साडेचार हजार गेले. नंबर ॲपच्या आतूनच घ्यावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावे, जितका उशीर तितकी आशा कमी.

अम्मींचा अबाया शेवटी बाजारातल्या शिंपीमास्तरांच्या बायकोने दोन दिवसांत शिवला. दुकानातून निदा घेताना जावेने ते आधी दारात नेऊन उन्हात धरले, दुकानदार बघतच राहिला. माप घ्यायला मास्तरांची बायको घरी आली, अम्मींना चहा पाजायला लावला आणि जाताना म्हणाली, "माझ्यासाठी दुआ करा तिथं." अम्मींनी केली म्हणे.

ॲपवरचे 1,799 रुपये तक्रार केल्यापासून 19 व्या दिवशी परत आले. अम्मी तोवर आबे-जमजम आणि खजूर घेऊन परतल्या होत्या. पैसे अर्थातच मुलांच्या अब्बांच्या खात्यात जमा झाले. आम्हाला कळले तेव्हा त्यातून गॅसचा सिलिंडर आणि मोबाइलचा रिचार्ज होऊन गेला होता. या महिन्यात जाऊ आणि आम्ही पोस्टात आपापली खाती उघडायला गेलो. आधारवरच्या नावात आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, म्हणून पुन्हा बोलावले आहे.