टिप, बक्षीस आणि खुशाली



आपल्या भागातल्या कित्येक सभासदांची मुलं-मुली आज परदेशात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेले आई-वडील हमखास सांगतात, "तिकडं जेवणाचं बिल देऊन भागत नाही, वर टिप द्यावी लागते." ही टिप कुठे, किती आणि का द्यायची, याचा खुलासा या लेखात करीत आहोत.

आपल्याकडे लातूर-नांदेडच्या हॉटेलात बडीशेपच्या बशीत बिल येते. उरलेल्या सुट्यांतले काही रुपये आपण बशीत ठेवून उठतो. नाही ठेवले तरी कोणी मागे पळत येत नाही. कारण वेटरचा पगार मालक देतो, आपले ते बक्षीस.

अमेरिकेत तसे नाही. तेथे केंद्रीय कायद्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. बाकीची रक्कम टिपेतून भरून निघावी, न निघाल्यास फरक मालकाने द्यावा, असा नियम आहे. २.१३ चा आकडा १९९१ पासून तसाच आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, पण टिपेची चाल तेथेही आहे. थोडक्यात, तिकडे वेटरच्या मजुरीचा मोठा वाटा गिऱ्हाईक देते.

म्हणून टेबलावर बसून जेवल्यास बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. साठ डॉलरचे बिल झाले तर नऊ ते बारा डॉलर. मात्र बिल नीट वाचावे. मंडळी जास्त असली की काही ठिकाणी टिप बिलातच लावलेली असते, ती पुन्हा देऊ नये. काउंटरवरून स्वतः खाणे आणले तर टिप दिलीच पाहिजे असे नाही.

प्रत्येक देशाची रीत निराळी. जपानात टिप देत नाहीत, पैसे ठेवले तर वेटर परत आणून देईल. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो. साखरेत जगात पुढे असलेल्या ब्राझीलमध्ये बिलात बहुधा दहा टक्के लावतात, पण ते ऐच्छिक असतात. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची सगळी रक्कम कामगारांनाच देणे मालकावर बंधनकारक आहे.

आपल्या देशातही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की हॉटेलने सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते योग्य ठरविले. आणि नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो तर बिल नाही आणि टिपही नाही. वाढणारा सेवा म्हणून वाढतो.

आता आपल्या फडाकडे वळू. ऊस तुटून गेला, की टोळीला नारळ, चहापाणी, चार पैसे देण्याची आपली जुनी रीत. तिचे नावच खुशाली. परंतु कोयता लावण्याआधीच "इतके द्या, नाहीतर टोळी पुढच्या फडात जाईल" असे कोणी म्हणाले, किंवा वाहन भरल्यावर ड्रायव्हर 'एंट्री' मागू लागला, तर ती खुशाली राहिली कुठे? तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून अगोदरच वजा होतो. म्हणजे तीच मजुरी शेतकऱ्याने दोनदा द्यायची! साखर आयुक्तालयानेही अशा मागणीविरुद्ध कारखान्याकडे तक्रार करण्यास सांगितले आहे.

तोडकरी आपल्यासारखाच कष्टकरी आहे. पहाटेच्या थंडीत लेकराबाळांसह तो फडात उभा असतो. त्याची मजुरी वाढावी, हे रास्तच आहे. पण ती करारात ठरावी आणि हिशेबातून मिळावी. ऊस वाळतोय या भीतीने शेतकऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा टोळीतल्या प्रत्येकाच्या हाती पडतोच, याची खात्री कोण देणार?

तेव्हा सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे. परदेशात गेल्यावर तिथली रीत पाळावी, वेटरची मजुरी बुडवू नये. गावात खुशाली द्यायची तर तोडणी झाल्यावर, राजीखुशीने द्यावी. अडवून कोणी मागितल्यास तारीख, वाहन क्रमांक आणि मुकादमाचे नाव लिहून गट कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते, कागद मात्र टिकतो.